तापल्यावर बंद पडणारे आणि पुन्हा सुरू न होणारे जुने लॉन मोअर: दोष शोधण्याची पद्धत

जून संपता संपता लातूर, परभणी, नांदेडकडे दोन-तीन चांगले पाऊस झाले की शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवरची हराळी बघता बघता घोट्याच्या वर येते आणि सहा-सात महिने कोपऱ्यात झाकून ठेवलेले लॉन मोअर बाहेर निघते. चौथ्या-पाचव्या ओढीला ते सुरू होते, दहा-पंधरा मिनिटे बरे चालते आणि मैदानाच्या मध्यावर गेले की बंद पडते. मग कितीही दोरी ओढली तरी उठत नाही. अर्ध्या तासाने मात्र पहिल्याच ओढीला सुरू होते, पुन्हा पंधरा मिनिटे चालते आणि पुन्हा बंद पडते.

लातूर जिल्ह्यातील एका शिक्षणसंस्थेच्या मैदानाची आणि बागेची यंत्रे मी बरीच वर्षे सांभाळत आहे. आमच्याकडच्या एका जुन्या यंत्राने नेमका हाच त्रास दिला, तेव्हा आम्ही तीन वेळा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा भाग) खोलून साफ केला आणि शेवटी नवा आणून बसवला. प्रत्येक वेळी यंत्र सुरू झाले, कारण खोलाखोलीत गेलेल्या वेळात इंजिन थंड झालेले असे. आम्ही मात्र त्याचे श्रेय कार्बोरेटरच्या सफाईला देत राहिलो. खरा दोष इग्निशन कॉइलमध्ये, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या वेटोळ्यात, होता. तेव्हापासून मी एक नियम कटाक्षाने पाळतो. यंत्र बंद पडल्यानंतरची पहिली दोन-तीन मिनिटे, म्हणजे इंजिन तापलेले असतानाची मिनिटे, हीच तपासणीची खरी वेळ आहे. त्या मिनिटांत काय पाहायचे हे आधीच ठरलेले असेल आणि हत्यारे हाताशी असतील, तर निम्म्याहून अधिक काम तिथेच होते.

हा लेख मागे चालून ढकलायच्या, दोरीने सुरू होणाऱ्या, एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक पेट्रोल यंत्रांसाठी आहे. पाठीवर किंवा खांद्याला अडकवायचे ब्रश कटर बहुधा टू-स्ट्रोक असतात. त्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते आणि कार्बोरेटरही वेगळ्या धाटणीचा असतो, त्यामुळे इथले सगळे त्यांना लागू होत नाही.

बंद पडण्याची तऱ्हा ओळखणे

हत्यार हातात घेण्यापूर्वी यंत्र कसे बंद पडले हे चालवणाऱ्या माणसाला नीट विचारावे. मेकॅनिककडे यंत्र पाठवले जाते, पण ते चालवणारा माळी किंवा शिपाई सोबत जात नाही, आणि सगळ्यात उपयोगी माहिती मैदानावरच राहून जाते. विजेचा दिवा बटण दाबून विझवावा तसे यंत्र एकाएकी बंद पडले असेल, तर संशय ठिणगीकडे जातो. आधी आवाज वर-खाली होऊ लागला, जणू यंत्राला दम लागला आहे, आणि मग ते हळूहळू विझले, तर पेट्रोल पोहोचत नाही असे समजावे. काळा धूर टाकत, गुदमरत बंद पडले, तर हवा कमी आणि पेट्रोल जास्त होत आहे. दाट गवतात शिरल्यावरच बंद पडत असेल आणि मोकळ्या जागेत चालत असेल, तर इंजिनापेक्षा बोथट पाते किंवा खालच्या आवरणात कोंबलेले ओले गवत हे कारण असण्याचा संभव अधिक. आणि ‘टण्ण’ असा आवाज होऊन बंद पडले असेल, तर खाली दगड किंवा पाइपचे तोंड लागले आहे. त्याची तपासणी वेगळी आहे आणि ती पुढे दिली आहे.

आधीची तयारी

हत्यारे यंत्रासोबत मैदानावरच न्यावीत: प्लगचा (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगचा) पान्हा, एक चांगला सुटा प्लग, दोन टोकांना चिमटे असलेली छोटी वायर, जाड हातमोजे, १० मिमीचा पान्हा, स्क्रूड्रायव्हर आणि कोरडे फडके. ऑइलची पातळी सुरुवातीलाच पाहावी. या यंत्रांत जेमतेम अर्धा ते पाऊण लिटर ऑइल असते, त्यामुळे शंभर मिलिलिटर कमी होणे ही मोठी घट असते. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी खुणेच्या वर चढली असेल, तर कार्बोरेटरमधून पेट्रोल ऑइलमध्ये झिरपत आहे. असे यंत्र ऑइल बदलल्याशिवाय चालवू नये.

एक गोष्ट कोणत्याही कारणाने टाळू नये. पात्याजवळ किंवा यंत्राखाली हात घालण्यापूर्वी प्लगची टोपी काढून बाजूला करावी. दोरी ओढताना पाते फिरते आणि पाते हाताने फिरवले की इंजिनही फिरते. अशा वेळी प्लग जोडलेला असेल तर इंजिन एखादा झटका देऊ शकते आणि तेवढा झटका बोटांना पुरेसा आहे. यंत्र आडवे करायचे असेल तेव्हा कार्बोरेटर आणि एअर फिल्टरची बाजू वर ठेवावी. ती खाली गेली तर ऑइल फिल्टरमध्ये उतरते, आणि मग मूळ दोष राहतो बाजूला.

पहिली दोन मिनिटे

यंत्र बंद पडताक्षणी टाकीचे झाकण सैल करावे आणि कान देऊन ऐकावे. ‘सुस्स’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि झाकण सैल ठेवून दोन-तीन ओढींत यंत्र सुरू झाले, तर दोष सापडला. झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते. पेट्रोल खाली उतरते तेवढी हवा त्यातून आत यावी लागते, नाहीतर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल उतरणे थांबते. आपल्या काळ्या मातीची धूळ मैद्यासारखी बारीक असते; ती झाकणाच्या कडेवर ओघळलेल्या पेट्रोलात मिसळून वाळली की छिद्र सिमेंटसारखे बंद होते. झाकण काढून रॉकेलमध्ये भिजत ठेवावे आणि मऊ ब्रशने साफ करावे. खिळ्याने मोठे भोक पाडण्याची युक्ती बरेच जण करतात, पण त्यातून धूळ आणि पावसाचे पाणी टाकीत जाते व एका दोषाचे दोन होतात.

झाकणाने फरक पडला नाही तर लगेच ठिणगी पाहावी. यासाठी इंजिनातला प्लग काढू नये. प्लगची टोपी ओढून काढावी, ती सुट्या प्लगवर बसवावी आणि त्या प्लगचा धातूचा भाग चिमट्याच्या वायरने इंजिनाच्या उघड्या धातूशी घट्ट जोडावा. मग यंत्र सपाट, कठीण जागेवर ठेवून एकाने हँडलवरची थांबवण्याची दांडी दाबून धरावी आणि दुसऱ्याने पाय पात्यापासून दूर ठेवून दोरी जोरात ओढावी. दांडी दाबलेली नसेल तर कॉइल मुद्दामच बंद केलेली असते, ठिणगी येतच नाही, आणि चांगली कॉइल खराब ठरते. इंजिनातला प्लग जागेवर राहिल्यामुळे सिलिंडरमधली पेट्रोलची वाफ ठिणगीजवळ येत नाही, आणि आपला बहुमोल वेळही वाचतो. मैदानावरच्या लख्ख उन्हात ठिणगी दिसत नाही, म्हणून प्लग यंत्राच्या किंवा स्वतःच्या सावलीत धरावा. निळसर, ठसठशीत, ‘टक्’ असा आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी, बारीक, चुकत चुकत येणारी ठिणगी दुबळी.

आमच्या यंत्राची ही चाचणी मी एका संध्याकाळी लिंबाच्या झाडाखाली केली. सकाळी थंड असताना मी तीच ठिणगी पाहिली होती आणि ती हाताच्या अंतरावरून स्पष्ट दिसत होती. आता इंजिनाला हात लावता येत नव्हता, दोरी सहा वेळा ओढली, आणि प्लगच्या टोकावर काहीही नव्हते. वीस मिनिटे तिथेच बसून राहिलो आणि पुन्हा दोरी ओढली, तर ठिणगी होती.

ठिणगी चांगली आली तर तिसरी पायरी म्हणून हातमोजे घालून इंजिनातला प्लग काढावा. सिलिंडरचे डोके ॲल्युमिनियमचे असते आणि तापलेले असताना आटे नाजूक असतात, म्हणून पान्हा झटका न देता फिरवावा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल येत नाही. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ते जास्त येत आहे किंवा पेटत नाही. काजळी धरलेला असेल तर एअर फिल्टर तुंबला आहे किंवा चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप) पूर्ण उघडत नाही. फिका तपकिरी असेल तर इंजिनाची प्रकृती चांगली आहे. प्लगची फट बहुतेक यंत्रांत ०.७ ते ०.८ मिमी असते. प्लग फारसा महाग नसतो, त्यामुळे जुना घासत बसण्यापेक्षा बदलणे बरे.

ठिणगी जात असेल तर

कॉइलमध्ये केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. वर्षानुवर्षे तापून-थंड होऊन आतले आवरण तडकते किंवा तार तुटायला येते. थंड असताना टोके एकमेकांना टेकलेली राहतात आणि तापून पसरली की सुटतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि जूनच्या उघडिपीतही ऊन कमी नसते. त्यातच इंजिनाच्या पंख्याच्या आवरणाखाली गवताचा भुगा साठलेला असेल तर सिलिंडर थंड ठेवणाऱ्या त्याच्या बाहेरच्या पाकळ्यांना वाराच लागत नाही. म्हणून कॉइलला दोष देण्याआधी वरचे आवरण खोलून पाकळ्यांमधला भुगा काढावा. मी एकदा असे आवरण उघडले तेव्हा पाकळ्यांच्या जागी वाळलेल्या हराळीचा एकसंध थर होता आणि त्यात उंदराने घर केले होते. आवरण काढून ठेवून इंजिन कधीही चालवू नये. फिरणारे फ्लायव्हील (इंजिनाच्या वरचे जड चाक) उघडे पडते आणि वाराही नीट लागत नाही.

कॉइल बदलण्यापूर्वी आणखी एक गोष्ट तपासायची असते. कॉइलपासून थांबवण्याच्या दांडीपर्यंत एक बारीक वायर जाते. ती पत्र्याला घासून सोलली गेली, तर इंजिनाच्या थरथरीने पत्र्याला टेकते आणि ठिणगी मरते. कॉइलकडचे तिचे टोक सोडवून वरच्याच पद्धतीने ठिणगी पाहावी. आता ठिणगी आली तर कॉइल चांगली आहे, वायर किंवा तिचा स्विच खराब आहे. ही वायर सुटी असताना इंजिन सुरू मात्र करू नये, कारण मग ते दांडी सोडूनही थांबणार नाही.

वायर सोडूनही तापलेल्या इंजिनात ठिणगी नसेल आणि थंड झाल्यावर येत असेल, तर कॉइल बदलावी. तिची दुरुस्ती होत नाही. नवी बसवताना फ्लायव्हीलवरचे मॅग्नेट आणि कॉइलचे पाय बारीक पॉलिश पेपरने गंज जाईपर्यंत साफ करावेत. दोघांमधली फट अनेक इंजिनांत ०.२५ ते ०.३५ मिमी असते. त्यासाठी व्हिजिटिंग कार्ड चालते: मॅग्नेट कॉइलसमोर आणावे, मध्ये कार्ड घालावे, बोल्ट सैल सोडून मॅग्नेटला कॉइल ओढू द्यावी, बोल्ट आवळावेत आणि फ्लायव्हील फिरवून कार्ड बाहेर काढावे. फार जुन्या इंजिनांत फ्लायव्हीलखाली कॉन्टॅक्ट पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारी-तोडणारी टोके) असतात. ते काळे पडले असतील तर आधी ते साफ करावेत.

ठिणगी आहे, पेट्रोल नाही

इथून पुढचे काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, मोकळ्या जागेत आणि आसपास विडी, चूल किंवा वेल्डिंग नाही याची खात्री करून करावे.

कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला असलेला छोटा बोल्ट सैल करून पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्यावे. बारीक पण सलग धार काही वेळ टिकली तर टाकी, गाळणी आणि नळी ठीक आहेत. धार लगेच थेंबांवर आली तर अडथळा वर आहे: टाकीच्या तळाची जाळी, नळीतली गाळणी, किंवा आतून फुगलेली रबरी नळी. नळी सायलेन्सरला टेकली असेल तर उन्हाळ्यात पेट्रोलची तिथेच वाफ होते, म्हणून ती दूर बांधावी. मग बाटली दहा मिनिटे स्थिर ठेवून उजेडात धरावी. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर पेट्रोलात पाणी आहे.

पेट्रोलबद्दल थोडे अधिक लिहिणे गरजेचे आहे, कारण गेल्या काही वर्षांत इथेच सगळ्यात मोठा बदल झाला आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसाच्या पट्ट्यातल्या आपल्यासारख्यांना इथेनॉल परके नाही, पण लहान जुन्या इंजिनांच्या पुस्तिकांत बहुधा १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते. इथेनॉल हवेतली ओल शोषते, ठरावीक मर्यादेपलीकडे ओल झाली की पाण्यासह वेगळे होऊन तळाला बसते, आणि जुन्या रबराला फुगवते. पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी महिनाभर तशीच ठेवणे हे म्हणूनच पूर्वीपेक्षा जास्त महाग पडते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा हिरवळीला पाणी देण्याचा विचारही कोणी करत नव्हते आणि आमचे यंत्र त्या काळात दीर्घकाळ पडून राहिले. पुढे वाटी उघडली तेव्हा तळाशी वार्निशसारखा चिकट तपकिरी थर होता आणि जेटच्या (पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक तोंडाच्या) छिद्रातून उजेड आरपार दिसत नव्हता. आता इथेनॉलमुळे वाटीत पांढरट भुकटीही सापडते.

वाटीत पेट्रोल पोहोचत असूनही प्लग कोरडा राहत असेल तर मुख्य जेट तुंबला आहे. वाटी काढावी आणि फ्लोटची (वाटीतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पिन जपून बाजूला ठेवावी, कारण ती गवतात पडली की सापडत नाही. जेट आणि त्याच्या वरची छिद्रांची नळी खोलून कार्बोरेटर क्लीनरने धुवावी. छिद्र मोकळे करायला वायरीतली तांब्याची एक बारीक तार वापरावी. सुईने किंवा स्टीलच्या तारेने छिद्र मोठे होते आणि मग यंत्र कायमचे जास्त पेट्रोल पिऊ लागते. जेट उजेडासमोर धरून छिद्र स्वच्छ गोल दिसते का, हे पाहूनच परत बसवावे. फ्लोटच्या सुईचे टोक झिजलेले असेल तर तीही बदलावी, नाहीतर पेट्रोल थांबत नाही आणि ऑइलमध्ये उतरते.

हे सगळे करताना एअर फिल्टर विसरू नये. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, इंजिन ऑइलचे थोडे थेंब टाकून हाताने पिळून घ्यावा. कागदी फिल्टर धुवू नये. हलकेच आपटून धूळ झाडावी आणि काळा पडला असेल तर बदलावा.

दोन्ही आहे, तरीही सुरू होत नाही

ठिणगी चांगली, प्लग ओलसर, आणि तरीही इंजिन उठत नाही. उलट दोरी हातातून मागे हिसकली जाते किंवा सायलेन्सरमधून फटाका वाजतो. असे असेल तर पाते कशाला लागले होते का, हे पुन्हा विचारावे. आपल्या मैदानांवर मुरूम टाकलेला असतो, त्यातून काळे दगड वर येतात आणि गवतात लपतात. पाते दगडावर अडकून एकदम थांबते, पण वरचे फ्लायव्हील फिरण्याच्या जोरात असते. फ्लायव्हील आणि पाते फिरवणारी क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये मऊ धातूची एक छोटी चावी बसवलेली असते आणि क्रँकशाफ्ट वाचावी म्हणून धक्का ती सोसते. ती अर्धी जरी कापली गेली तरी फ्लायव्हील किंचित सरकते आणि ठिणगी चुकीच्या वेळी पडते. चावी पाहण्यासाठी फ्लायव्हीलचा नट काढून पुलरने (चाक ओढून काढायच्या हत्याराने) फ्लायव्हील ओढावे. हातोड्याने ठोकू नये, कारण ॲल्युमिनियमच्या फ्लायव्हीलला तडा गेला तर ते चालू यंत्रात फुटू शकते. चावीच्या कडेवर नखाला लागेल एवढी पायरी दिसली तरी ती बदलावी. त्याच वेळी पात्याचा बोल्टही पाहावा. या इंजिनांत पात्याचे वजन फ्लायव्हीलला साथ देत असते, त्यामुळे पाते सैल असेल तर ठिणगी-पेट्रोल असूनही यंत्र सुरू होताना हिसके देते.

शेवटचा संशय कॉम्प्रेशनवर, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबावर. दोरी सावकाश ओढताना एका ठिकाणी अडल्यासारखी लागायला हवी. ती तापलेल्या इंजिनात अगदी हलकी जात असेल आणि थंड झाल्यावर पुन्हा जड लागत असेल, तर व्हॉल्व्हची (सिलिंडरच्या झडपेची) फट कमी झाली आहे: तापून व्हॉल्व्हची दांडी लांबते, तो पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. लक्षणे हुबेहूब खराब कॉइलसारखी असतात. फरक इतकाच की इथे ठिणगी शाबूत असते. फट इंजिनाच्या पुस्तिकेतल्या मापाने, थंड इंजिनात, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून बसवावी. दोरी थंड-गरम दोन्ही वेळा हलकी असेल तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा ओढून पाहावे. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरच्या डोक्याखालचे हेड गॅस्केट गेले आहे. या टप्प्यावर जाणकार मेकॅनिककडे जावे. रिंगा गेलेल्या आणि क्रँकशाफ्ट वाकलेल्या यंत्रावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॉइल, चावी, जेट आणि व्हॉल्व्हची फट यांवर मात्र अवश्य करावा, कारण ही जुनी इंजिने त्यानंतर कितीतरी वर्षे चालतात.

दुरुस्तीनंतरची परीक्षा

दुरुस्ती झाल्यावर यंत्र सुरू झाले म्हणून काम संपले असे समजू नये. दुपारच्या उन्हात, खऱ्या गवतात, किमान अर्धा तास सलग चालवावे. मग दांडी सोडून मुद्दाम बंद करावे आणि एक मिनिटाच्या आत पुन्हा सुरू करावे. असे तीन वेळा, प्रत्येक वेळी तापलेल्या इंजिनावर, दोन-तीन ओढींत सुरू झाले तरच दोष गेला.

हंगाम संपल्यावर, म्हणजे आपल्याकडे दिवाळीनंतर गवताची वाढ थांबली की, टाकी रिकामी करावी आणि पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे वाटी कोरडी होते. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून चमचाभर ऑइल सोडावे, दोरी दोनदा हळू ओढावी आणि प्लग परत बसवावा. मग दोरी पुन्हा सावकाश ओढून जिथे अडेल तिथेच सोडून द्यावी. त्या ठिकाणी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि सिलिंडरमध्ये ओल जात नाही. शेवटी आवरणाखालचे गवत खरवडून, यंत्र पोत्याने झाकून, उंदीर पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवावे.